कोकमाच्या कुळाला ज्याचं नाव लागलं तो क्लुसियस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपच्या टूरवर जाऊन आलेल्या प्रत्येक घरात हॉलंडमधल्या क्युकेनहॉफ बागेच्या ट्यूलिपपुढे काढलेला एक तरी फोटो असतो. आणि कोकणी घरात आमसुलाची बरणी असते. या दोन्ही गोष्टींमागे एकच माणूस उभा आहे हे कळल्यावर लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

हा क्लुसियस नेमका कोण?

शार्ल द लेक्लूज, सोळाव्या शतकातला वनस्पतींचा अभ्यासक. लॅटिन रूपात कारोलुस क्लुसियस, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जग त्याला याच नावाने ओळखतं. जन्म १९ फेब्रुवारी १५२६, अरास या गावी. अरास आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा नेदरलंड्सच्या प्रांतांत मोडायचं. मृत्यू ४ एप्रिल १६०९, हॉलंडमधल्या लायडन शहरात. म्हणजे त्र्याऐंशी वर्षांचं आयुष्य, आणि तेही प्लेग, धर्मयुद्धं आणि मोडलेली हाडं सांभाळून.

लग्न केलं नाही. स्वतःची मोठी जमीन कधी नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बागा लावून दिल्या आणि पत्रं लिहिली.

कोकमाशी त्याचा काय संबंध?

कोकम, म्हणजे गार्सिनिया इंडिका, ज्या कुळात मोडतं त्याचं नाव क्लुसिएसी. जुन्या पाठ्यपुस्तकांत हेच कुळ 'गट्टीफेरी' म्हणून भेटतं. बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतलेल्यांना ते आठवेल. त्या वेळी उंडी, सुरंगी आणि नागकेशरही याच कुळात धरत. आता त्यांची चूल वेगळी मांडली आहे.

क्लुसिएसी हे नाव आलं 'क्लुसिया' या प्रजातीवरून, आणि क्लुसिया हे नाव क्लुसियसच्या सन्मानार्थ. ही झाडं उष्ण अमेरिकेतली. त्यातल्या क्लुसिया रोझियाची पानं इतकी जाड आणि चामड्यासारखी असतात की नखाने अक्षरं कोरली तर ती पान झडेपर्यंत टिकतात. ज्याने जन्मभर पत्रं लिहिली त्याच्या नावाला असं झाड मिळावं, ही गंमतच.

मग 'गार्सिनिया' हे नाव गोव्याच्या गार्सिया द ओर्तावरून पडलं, बरोबर ना?

नाही. हा घोळ फार ठिकाणी छापलेला दिसतो. गार्सिनिया हे नाव झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने लॉरेंट गार्सिन या अठराव्या शतकातल्या निसर्गअभ्यासकावरून ठेवलं. ओर्ताचा त्या नावाशी संबंध नाही. पण क्लुसियसशी मात्र आहे, आणि तो पुढच्या प्रश्नात येतो.

गोव्यात छापलेलं पुस्तक त्याच्या हाती कसं लागलं?

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि परत गेला नाही. गोव्यात त्याची औषधी झाडांची बाग होती आणि मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होतं. मुंबईतल्या आपल्या एका आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फळ येतं, हे त्याने कौतुकाने लिहून ठेवलंय. १५६३ साली गोव्यात त्याचं पुस्तक छापलं गेलं. पुस्तक काय, गप्पाच त्या. ओर्ता आणि रुआनो नावाचा एक काल्पनिक पाहुणा आले, वेलदोडे, हिंग, भांग, फणस यांवर बोलत बसतात. मध्येच अंतोनिया ही मोलकरीण काहीतरी आणून देते, मालुपा नावाचा इथला वैद्य येऊन दोन गोष्टी सांगून जातो. बोलता बोलता बुद्धिबळावर आणि राजेलोकांच्या पदव्यांवर गाडी घसरते. याच पुस्तकात कोकमही आहे. ओर्ता त्याला 'ब्रिंदाँव' म्हणतो. भिरंड हा कोकमाचा कोकणी शब्द पोर्तुगीज जिभेवर बसला की असा होतो.

१५६४-६५ मध्ये क्लुसियस स्पेन-पोर्तुगालच्या फिरतीवर होता. ऑग्सबर्गच्या फुगर या गडगंज सावकार घराण्यातला तरुण याकोब त्याच्या सोबतीला होता, किंवा खरं सांगायचं तर हाच त्याच्या सोबतीला दिलेला होता. या प्रवासात क्लुसियस घोड्यावरून पडला आणि हाडं मोडून घेतली, तरी दोनशेच्या आसपास नव्या वनस्पती टिपून आणल्या. आणि याच प्रवासात ओर्ताचं पुस्तक त्याला मिळालं.

पोर्तुगीज भाषेतलं, गोव्यात छापलेलं पुस्तक युरोपात कोण वाचणार? क्लुसियसने ते लॅटिनमध्ये आणलं. १५६७ साली अँटवर्पमधल्या क्रिस्तोफ प्लांटिनच्या छापखान्यातून ते बाहेर पडलं, म्हणजे गोव्यातल्या छपाईनंतर अवघ्या चार वर्षांत. त्या काळाच्या मानाने हा वेग चकित करणारा आहे. क्लुसियसने गप्पा काढून टाकल्या, विषयवार मांडणी केली, स्वतःच्या टिपा आणि लाकडी ठशांची चित्रं घातली. पुढच्या चाळीस वर्षांत त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. आपल्या मसाल्यांबद्दल युरोपातल्या वैद्यांनी जे वाचलं ते बहुतेक या लॅटिन पुस्तकातून.

माझं मत विचाराल तर यात एक मोठं नुकसानही झालं. अंतोनिया गेली, मालुपा गेला, ओर्ताचा भांडखोर सूर गेला. उरली ती माहिती. पण दुसरी बाजूही पाहावी लागते. ओर्ताचं घराणं मूळचं ज्यू. तो १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जिवंत जाळलं आणि १५८० साली त्याचीही हाडं थडग्यातून उकरून जाळली. ज्या शहरात हाडंही सुरक्षित नव्हती तिथल्या पुस्तकाची सावली का होईना, अँटवर्पमध्ये जिवंत राहिली.

क्लुसियस स्वतः भारतात आला होता का?

कधीच नाही. युरोपाबाहेर त्याने पाऊलही टाकलं नाही. जग त्याच्याकडे टपालाने आणि खलाशांच्या पेट्यांतून यायचं. १५८१ मध्ये लंडनला तो फ्रान्सिस ड्रेकला भेटला आणि जगप्रदक्षिणेहून आलेल्या चीजा त्याच्याकडून मिळवल्या.

तो शिकला काय होता? वैद्य होता की माळी?

घरच्यांनी कायदा शिकायला घातलं. लुव्हाँमध्ये तो कायदा शिकला, मग मार्बुर्ग, मग विटेनबर्ग. विटेनबर्गला ल्यूथरचा सहकारी मेलांख्थोन याच्या सहवासात प्रॉटेस्टंट विचारांचा रंग चढला आणि तो पुढे त्याला महागात पडला. १५५१ च्या सुमारास फ्रान्समधल्या माँपेलिएला गिओम राँदले या वैद्यकाच्या प्राध्यापकाकडे तो राहायला गेला. राँदले विद्यार्थ्यांना घेऊन रानोमाळ भटकायचा. तिथे क्लुसियसला झाडांचं वेड लागलं ते लागलंच.

वैद्यकीचा धंदा त्याने केला नाही. आणि इथेच तो वेगळा ठरतो. तोवर वनस्पतीकडे पाहायची पहिली नजर 'हिचा काढा कशावर चालतो?' अशी असे. क्लुसियसला झाड औषधी नसलं तरी चालायचं. ते कुठे उगवतं, फुलतं कधी, बी कसं, कंद केवढा, पाकळीच्या आतल्या बाजूला रंग कोणता, हे तो लिहायचा. १५७६ चं स्पेनच्या वनस्पतींवरचं आणि १५८३ चं ऑस्ट्रिया-हंगेरीकडच्या वनस्पतींवरचं, अशी त्याची दोन पुस्तकं या नजरेतून आली आहेत.

व्हिएन्नाला का गेला, आणि तिथून का निघाला?

सम्राट दुसरा मॅक्सिमिलियन याने १५७३ मध्ये त्याला शाही बाग उभारायला बोलावलं. १५७६ ला मॅक्सिमिलियन वारला. मुलगा दुसरा रुडॉल्फ गादीवर आला आणि दरबारातल्या प्रॉटेस्टंटांचे दिवस फिरले. क्लुसियसची नोकरी गेली. तरी तो १५८८ पर्यंत व्हिएन्नातच राहिला, आणि माझ्या मते त्याची सगळ्यात आनंदाची वर्षं हीच.

आल्प्समधली ओट्शर आणि श्नेबर्ग ही शिखरं तो झाडांसाठी चढला. बाजारात रानातली मुळं विकायला येणाऱ्या बायकांना विचारून नावं टिपून घेतली. हंगेरीच्या बाजूला बॅथ्यानी या सरदाराच्या आश्रयाने राहिला आणि इश्तवान बेय्थे या धर्मोपदेशकाच्या मदतीने हंगेरियन भाषेतल्या झाडांच्या नावांची यादी तयार केली. ती १५८३ मध्ये छापली गेली. शेतकऱ्याच्या तोंडचं नाव लॅटिन नावाशेजारी बसवणारा विद्वान त्या काळी विरळाच. त्याच भागातल्या अळंब्यांवरही त्याने लिहिलं. ते १६०१ च्या मोठ्या ग्रंथात आलं आणि फक्त अळंब्यांना वाहिलेलं ते युरोपातलं पहिलं नीट लिखाण मानतात.

ट्यूलिप युरोपात त्यानेच आणली ना?

नाही, पण हा गैरसमज मरता मरत नाही. ऑग्सबर्गच्या एका बागेत एप्रिल १५५९ मध्ये फुललेली ट्यूलिप कोनराड गेस्नर या स्विस अभ्यासकाने पाहिली आणि १५६१ मध्ये तिचं वर्णन छापलं. तेव्हा क्लुसियसचा ट्यूलिपशी संबंधही आला नव्हता. 'हॉलंडमध्ये तरी पहिली त्याचीच' हेही खरं नाही. तो लायडनला येण्याआधी तिथे योहान व्हान होगेलांडे या त्याच्याच मित्राच्या बागेत ट्यूलिप होती.

फूल आलं तुर्कस्तानातून. तुर्क त्याला लाले म्हणतात. 'ट्यूलिप' हा शब्द पागोट्याच्या तुर्की शब्दावरून युरोपीयांनी बनवला, बहुधा समजुतीच्या घोटाळ्यातून.

क्लुसियसने एक हकिगत लिहून ठेवली आहे. १५६२ च्या सुमारास अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याकडे इस्तंबूलहून कापडाचे गठ्ठे आले आणि त्यांत कांदे निघाले. व्यापाऱ्याला वाटलं, खायचे असतील. काही निखाऱ्यांवर भाजून तेल आणि व्हिनेगर लावून खाल्ले. उरलेले कोबीच्या वाफ्यात खुपसले. तिथे ते दुर्लक्षाने बहुतेक मेलेच. जे वाचले ते योरिस राय या मेखेलनच्या बागवेड्या व्यापाऱ्याने उचलून नेले आणि फुलवले. क्लुसियस हे सांगून व्यापाऱ्याला हसतो, पण स्वतःही मागे नव्हता! ट्यूलिपचे कांदे साखरेत मुरवून कसे लागतात हे पाहायला त्याने ते फ्रँकफुर्टच्या एका औषधविक्रेत्याकडे दिले होते.

मग ट्यूलिपच्या बाबतीत त्याने केलं काय?

दोन गोष्टी. पहिली, बी पेरलं. इस्तंबूलला सम्राटाचा वकील असलेल्या बुसबेककडून बी आणि कांदे त्याला मिळाले होते. ट्यूलिपच्या कांद्याला बाजूला पिल्लं सुटतात. ती लावली तर आईसारखंच फूल येतं, तेही दोनेक वर्षांत. बियाचं तसं नाही. बी पेरलं की फूल दिसायला सहा-सात वर्षं जातात, आणि प्रत्येक रोपाचं फूल वेगळं निघू शकतं. रायवळ आंब्याच्या कोयी लावणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. क्लुसियसने ही वाट पाहिली, म्हणून त्याच्याकडे लवकर फुलणाऱ्या, मधल्या आणि उशिराच्या, नाना रंगांच्या ट्यूलिप जमा झाल्या.

दुसरी, त्याने 'फुटलेल्या' रंगाची नोंद केली. एकरंगी फुलाचा कांदा एखाद्या वर्षी पांढऱ्यावर ज्वाळेसारख्या रेघा असलेलं फूल देतो. क्लुसियसच्या लक्षात आलं की असा कांदा पुढे रोडावत जातो. मरण्याआधी तो मालकाच्या डोळ्यांचं पारणं फेडून जातो, असंच त्याला वाटलं. कारण कळायला १९२८ साल उजाडावं लागलं. डोरोथी केली या इंग्रज संशोधिकेने हा रोग एका कांद्यातून दुसऱ्यात जातो हे दाखवून दिलं. तो विषाणू असतो आणि मावा तो पसरवतो. भेंडीचा 'केवडा' जसा पांढऱ्या माशीमुळे पसरतो, तसंच. फरक एवढाच की केवडा आलेली भेंडी आपण उपटून टाकतो, आणि हॉलंडच्या लोकांनी पुढे रोगट कांद्याला सोन्याचा भाव दिला.

त्याचे कांदे चोरीला गेले होते, हे खरं का?

खरं आहे, आणि एकदा नव्हे. व्हिएन्नातही गेले, लायडनलाही गेले. 'म्हातारा अवाच्या सवा किंमत सांगायचा, म्हणून लोकांनी चोरले' असं जे सांगतात त्यावर मात्र माझा विश्वास नाही, कारण त्याची पत्रं वेगळंच सांगतात.

त्याच्या पत्रव्यवहारातली सुमारे दीड हजार पत्रं आज उरली आहेत. त्यांत सरदार आहेत, औषधविक्रेते आहेत, छापखानेवाले आहेत, आणि बागा करणाऱ्या बऱ्याच बायका आहेत. व्यवहार असा: मी तुला हे कांदे पाठवतो, तुझ्याकडच्या त्या पांढऱ्या आयरिसचं पिल्लू सुटलं की मला पाठव. पैशाचं नाव नाही. कंदवर्गीय फुलं युरोपभर इतक्या भराभर पसरली याचं एक साधं कारण इथेच आहे. रोप टपालात मरतं. पण ट्यूलिप, हायसिंथ, नार्सिसस यांचा कांदा उन्हाळ्यात पानं वाळली की काढावा, कोरडा ठेवावा, कागदात गुंडाळावा आणि महिनाभराच्या प्रवासाला खुशाल धाडावा. आपण लसूण माळ्यावर टांगतो, तसंच हे.

अशा देवाणघेवाणीत चोरी हा पैशाचा तोटा नसतो, विश्वासघात असतो. म्हणून तो चिडायचा. विकणाऱ्यांवर त्याचा राग होता. फुलांचा बाजार मांडणाऱ्यांमुळे जाणकारांची मैत्री नासेल, असं त्याला वाटे.

लायडनची बाग त्याने एकट्याने उभी केली?

नाही. १५९० साली विद्यापीठाला बागेसाठी जागा मिळाली होती, पण तिथे काही उगवलं नव्हतं. त्याला तिथे आणण्यासाठी मारी द ब्रिमू या बागवेड्या सरदारीणबाईंनी बरीच खटपट केली. ऑक्टोबर १५९३ मध्ये तो आला तेव्हा वय सदुसष्ट, पायाने अधू. वाकून माती उकरणं शक्यच नव्हतं. ते काम केलं डिर्क क्लाउट या डेल्फ्टच्या औषधविक्रेत्याने. क्लाउट मधमाश्याही पाळायचा आणि त्यांवर त्याने पुस्तकही लिहिलं. क्लुसियसने ओळखीपाळखी, कांदे, बियाणं आणि डोकं दिलं, क्लाउटने हात दिले. १५९४ च्या सप्टेंबरापर्यंत बाग लागली.

आकार किती? साधारण ३५ मीटर बाय ४० मीटर. आपल्याकडच्या मध्यम सोसायटीच्या पार्किंगएवढी. तेवढ्यात हजाराहून जास्त प्रकार, अरुंद वाफ्यांत ओळीने लावलेले. क्लाउटने केलेली त्या वर्षीची यादी अजून शाबूत आहे. विद्यापीठाला हवी होती वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठी औषधी बाग. क्लुसियसने औषधी झाडं लावली, पण सोबत निव्वळ सुंदर आणि निव्वळ विचित्र झाडंही लावली.

बटाट्याशी त्याचा संबंध सांगतात, तो काय?

जानेवारी १५८८ मध्ये व्हिएन्नात त्याला मोंसच्या गव्हर्नरकडून, फिलिप द सिव्हरीकडून, दोन बटाटे आणि एक फळ आलं. त्याने लावले. पुढच्या वर्षी त्याच्याकडे बटाट्याचं एक जलरंगातलं चित्र आलं: झाड, फूल, बोंडं, खाली दोन कंद. ते अँटवर्पच्या प्लांटिन-मोरेटुस संग्रहालयात आजही आहे. उपासाला बटाट्याची भाजी खाताना कुणाला ते आठवण्याचं कारण नाही, पण बटाटा इथे अगदीच अलीकडचा पाहुणा आहे हे त्या चित्राकडे पाहून पटतं.

डोडो?

हो, तोही. १६०५ च्या 'एक्झोटिकोरुम' ग्रंथात त्याने डोडो या आता नामशेष झालेल्या पक्ष्याचं वर्णन आणि चित्र छापलं. डोडोचा पाय त्याने लायडनच्या प्राध्यापक पाव यांच्या घरी स्वतः पाहिला होता. याच ग्रंथात ओर्ताचं लॅटिन रूपही पुन्हा छापलं आहे.

ट्यूलिपच्या सट्ट्यातून त्याने किती कमावलं?

शून्य. हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या कांद्यांवर चाललेला तो सट्टा १६३६-३७ च्या हिवाळ्यातला. क्लुसियस त्याच्या सत्तावीस वर्षं आधी वारला होता. त्या सट्ट्यात अख्खा देश बुडाला, ही कथाही आता इतिहासकार मानत नाहीत.

आज काय पाहता येईल?

लायडनची बाग, हॉर्टुस बोटॅनिकुस, चालू आहे आणि तिथे जुन्या यादीवरून त्याची मूळ बाग पुन्हा रचून ठेवली आहे. मेमध्ये टूरवाले अॅमस्टरडॅमला दुपार मोकळी देतात, तेव्हा रेल्वेने सहज जाऊन येता येतं. क्युकेनहॉफपुढे ती अगदीच साधी वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो. ट्यूलिपा क्लुसियाना ही त्याच्या नावाची रानटी जातीची ट्यूलिप मात्र शोधा. बारीक, टोकदार, बाहेरून लाल आणि आतून पांढरी.

महाराष्ट्रात कुंडीत ट्यूलिप फुलेल का?

एका हंगामापुरती, तीही फ्रिजच्या कृपेने. कांद्याला बारा ते चौदा आठवडे गारठा लागतो, नाहीतर दांडाच लांबत नाही. मी पुण्यात एकदा सहा कांदे आणले, कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले आणि जानेवारीत लावले. पानं छान आली. फूल मात्र पाचांचं पानांच्या बेचक्यातच करपलं, कागदासारखं. नंतर समजलं की पिकणाऱ्या फळांतून सुटणारा इथिलीन वायू आतला कळा मारतो, आणि आमच्या त्या कप्प्यात तीन महिने सफरचंदं होती. सहावा कांदा फुलला. वीतभर उंचीचं, पिवळं फूल, चार दिवस टिकलं.